राजधानी पडली, राष्ट्र उभे राहिले

(नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या एका व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



येत्या काही दिवसांत १० नोव्हेंबर ही तारीख येईल. महाराष्ट्रात ही तारीख उच्चारली की प्रतापगडाचा पायथा डोळ्यांसमोर उभा राहतो. १६५९ साली याच तारखेला शिवछत्रपतींनी अफझलखानाचा वध केला आणि स्वराज्यावर आलेले संकट परतवून लावले. योगायोग असा, की येथून हजारो किलोमीटर दूर असलेल्या इंडोनेशियातही १० नोव्हेंबर हा राष्ट्रीय वीरदिन म्हणून पाळला जातो. १९४५ साली त्या दिवशी पूर्व जावातील सुराबाया या शहरात, अवघ्या बारा आठवड्यांच्या एका प्रजासत्ताकाने जगातील विजयी साम्राज्याच्या तोफांना छाती दिली.

या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या की मला एक माणूस आठवतो. माझ्या लहानपणी आमच्या आळीत मराठा पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार राहत. आम्ही मुले त्यांना तात्या म्हणत असू. इंफाळच्या लढाईच्या गोष्टी ते रंगवून सांगत. जपानी कसे चालून आले, डोंगर कसे राखले, सारे हातवारे करून. पण त्या गोष्टीच्या शेवटी नेहमी एकच वाक्य येई, "आन् मग जावाला गेलो," आणि तात्या तंबाखू मळू लागत. एकदा मी धीर करून विचारले, "तात्या, जावात कोणाशी लढलात?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरांशी. तुझ्यापरास चार-पाच वर्सांनी थोरली. झेंडा घिऊन येत हुती." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्या मौनाचा अर्थ कळायला मला पुढे अनेक वर्षे वाचन करावे लागले. आजचा विषय त्या मौनातून निघाला आहे.

एका सकाळची घोषणा

डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०२ सालची. १६१९ मध्ये डचांनी जावाच्या किनाऱ्यावरील 'जयकार्ता' नगर जाळले आणि त्या जागी 'बटाव्हिया' वसवले. जयकार्ता म्हणजे संपूर्ण विजय. परकीय राज्यकर्ता आला की प्रथम गावाचे नाव बदलतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. डचांनी साडेतीनशे वर्षे सर्व बेटांवर राज्य केले असे सर्रास म्हटले जाते. ते तितकेसे खरे नाही. सुमात्राच्या उत्तर टोकाला आचेच्या लोकांनी १८७३ पासून तीस वर्षे त्यांना झुंजवले. बाली पूर्णपणे त्यांच्या ताब्यात आले ते १९०८ साली. मात्र जेथे त्यांचे राज्य घट्ट बसले, तेथे शेतकऱ्याच्या मानेवर सक्तीच्या नगदी पिकांचे जोखड आले. १८३० नंतर जावाच्या मातीत कॉफी, ऊस आणि नीळ पिकली, ती हॉलंडची तिजोरी भरण्यासाठी.

मार्च १९४२ मध्ये जपानी आले आणि 'अजिंक्य' गोरा साहेब काही दिवसांत शरण गेला. लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले. जपान्यांनीही पुढे कमी अत्याचार केले नाहीत. पण त्यांनी स्थानिक तरुणांचे एक सैनिकी दल उभारले आणि हजारो हातांना बंदूक धरायला शिकवले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला. डच अजून परतलेले नव्हते. ही फट हेरून १७ ऑगस्टच्या सकाळी जकार्तातील आपल्या घराच्या अंगणात सुकार्णोंनी महंमद हट्टा यांच्यासह स्वातंत्र्याची घोषणा वाचली. घोषणा अवघ्या दोन वाक्यांची. झेंडा सुकार्णोंच्या पत्नी फातमावती यांनी हाताने शिवलेला. ना तोफांची सलामी, ना एकाही परराष्ट्राची मान्यता.

बंधूंनो, त्या स्वातंत्र्याला त्यांनी शब्द वापरला तो 'मर्देका'. त्याचे मूळ आपल्या 'महर्द्धिक' या संस्कृत शब्दात आहे. घोषणा वाचणाऱ्या सुकार्णोंचे नाव महाभारतातील कर्णावरून ठेवलेले, आणि त्यांची आई बालीची हिंदू कन्या. पुढे या प्रजासत्ताकाने राजमुद्रा म्हणून गरुड स्वीकारला आणि त्या गरुडाच्या पायांत ब्रीद दिले 'भिन्नेका तुंगल इका', म्हणजे भिन्न असूनही एक. हे शब्द चौदाव्या शतकातील मजपाहित साम्राज्याच्या काळी म्पू तंतुलर या कवीने रचलेल्या 'सुतसोम' काव्यातले आहेत. उपासनापद्धती बदलली तरी पूर्वज बदलत नाहीत, ही गोष्ट ज्या समाजाला कळते त्याला आपल्या संस्कृतीची लाज वाटत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी राज्यघटना स्वीकारताना, मुस्लिमांवर शरियतचे बंधन घालणारे शब्द उद्देशिकेतून वगळण्यात आले. कारण ते ठेवले असते तर पूर्वेकडील ख्रिस्तीबहुल बेटे प्रजासत्ताकापासून दूर गेली असती. बहुसंख्य मुस्लिम असलेल्या देशाच्या नेत्यांनी त्या क्षणी राष्ट्राची एकता वरची मानली.

सुराबायाचे रस्ते

जपान्यांना निःशस्त्र करणे आणि युद्धकैद्यांना सोडवणे, हे काम दोस्त राष्ट्रांनी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडकडे सोपवले होते. ब्रिटिशांकडे त्या भागात पाठवायला सैन्य कोणते? अर्थातच भारतीय. तेविसावी भारतीय डिव्हिजन जावात उतरली. डच अधिकारी तिच्या आडोशाने परत येऊ लागले. सुराबायात त्याआधीच, १९ सप्टेंबरला, एका हॉटेलवर डचांनी आपला लाल-पांढरा-निळा ध्वज चढवला होता. तरुण वर चढले, त्यांनी निळा पट्टा फाडून टाकला आणि उरलेला लाल-पांढरा ध्वज फडकवला. शत्रूच्या ध्वजातूनच त्यांनी आपला ध्वज काढला!

२५ ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रिगेडियर मॅलबी यांच्या नेतृत्वाखाली एकोणपन्नासावी भारतीय ब्रिगेड सुराबाया बंदरात उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्री आणि राजपुताना रायफल्सचे जवान होते. हो, आपल्याच सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची माणसे. मॅलबी यांनी स्थानिक नेत्यांशी समझोता केला, पण दोन दिवसांनी जकार्ताच्या विमानांनी पत्रके टाकून सर्वांनी शस्त्रे खाली ठेवावीत असे फर्मावले. शहर पेटून उठले. शहरभर छोट्या तुकड्यांत विखुरलेले जवान वेढले गेले आणि अनेक जागच्या जागी मारले गेले. सुकार्णो आणि हट्टा यांना विमानाने आणून शस्त्रसंधी करवावी लागली. ३० ऑक्टोबरला त्याच धुमश्चक्रीत मॅलबी ठार झाले.

ब्रिटिशांनी अखेरची मुदत दिली ती १० नोव्हेंबरच्या सकाळची. मुदत संपली आणि युद्धनौका, विमाने, रणगाडे व पाचवी भारतीय डिव्हिजन यांच्या बळावर हल्ला सुरू झाला. शहर पूर्ण ताब्यात यायला सुमारे तीन आठवडे लागले. इंडोनेशियन मृतांचे अंदाज ६,००० पासून १६,००० पर्यंत केले जातात. रेडिओवरून बुंग तोमो हा पंचविशीतला पत्रकार लोकांना चेतवत होता, उलेमांनी लढ्याचा आदेश दिला होता, आणि शाळा-कॉलेजांतली मुले बांबूच्या टोकदार काठ्या घेऊन रणगाड्यांसमोर येत होती. सुराबाया या नावाची एक व्युत्पत्ती 'संकटाला शौर्याने सामोरा जाणारा' अशी सांगतात. 'शूर' आणि 'भय' हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीचेच आहेत.

सत्य सांगायचे तर पूर्ण सांगितले पाहिजे. त्या पहिल्या महिन्यांच्या अराजकात संतप्त जमावांनी डच, मिश्रवंशीय आणि चिनी निरपराधांचेही बळी घेतले. क्रांतीच्या पोटी असे पापही जन्माला येते, आणि ते झाकणे म्हणजे इतिहासलेखन नव्हे.

पण माझे मन घुटमळते ते आपल्या जवानांपाशी. त्यांच्या शौर्यात काय उणे होते? इंफाळला ज्यांनी पराक्रम केला, तीच ही माणसे. तरीही शिवरायांच्या मावळ्यांचे वारस एका स्वराज्याच्या छातीवर बंदूक रोखून उभे होते, कारण बंदूक कोणावर रोखायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्यापाशी नव्हता. पारतंत्र्यात संपत्ती लुटली जाते हे आपण शिकतो. पण पारतंत्र्यात शौर्यही भाड्याने दिले जाते, हे कोणी शिकवत नाही. तात्यांचे मौन हे त्या भाड्याच्या शौर्याचे मौन होते.

आणि पाहा, काळ कसा असतो! सुराबाया धुमसत असताना, ५ नोव्हेंबर १९४५ रोजी, दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला उभा राहिला. एकीकडे भारतीय सैनिक ब्रिटिशांसाठी जावात लढत होता, दुसरीकडे ब्रिटिशांविरुद्ध लढलेला भारतीय सैनिक आरोपीच्या पिंजऱ्यात होता. सैनिकाच्या मनात प्रश्न उठणारच. जावातील काही भारतीय जवान पलटण सोडून प्रजासत्ताकाला जाऊन मिळाले. त्याच सैन्याच्या जनसंपर्क विभागातील अधिकारी पी. आर. एस. मणी यांनी पुढे गणवेश उतरवला आणि मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'चे वार्ताहर म्हणून त्या लढ्याची बातमी जगाला दिली. आणि १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौसैनिकांचे बंड उसळले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत केवळ चांगले अन्न नव्हते; इंडोनेशियातून भारतीय सैन्य मागे घ्या, ही स्पष्ट मागणीही होती. मुंबईच्या गोदीत उभ्या असलेल्या खलाशाला सुराबायाच्या मुलाचे रक्त दिसले होते. ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत कितीशी येते?

बालीचा पुपुतान

ब्रिटिश-भारतीय सैन्याची अखेरची तुकडी ३० नोव्हेंबर १९४६ रोजी इंडोनेशियातून बाहेर पडली. तत्पूर्वी डचांनी आपले सैन्य आणून ठेवले होते. १५ नोव्हेंबरला लिंगजाती येथे कराराचा मसुदा ठरला. त्यात प्रजासत्ताकाची सत्ता मानली गेली ती जावा, मदुरा आणि सुमात्रा एवढ्यापुरतीच. बाली त्यातून वगळले गेले.

या ठिकाणी मला आपल्याला एक नाव सांगायचे आहे, इ गुस्ती नगुराह राय. वय एकोणतीस, बालीचा हिंदू क्षत्रिय, प्रजासत्ताकाच्या सैन्यात लेफ्टनंट कर्नल. कराराच्या कागदावर त्याचे बेट प्रजासत्ताकाबाहेर गेले होते. पण त्याच्या मनाचा नकाशा दुसरा होता. २० नोव्हेंबर १९४६ रोजी मार्गा गावाजवळ डचांनी त्याला घेरले. वर विमाने, भोवती सैन्य. शरणागती त्याने नाकारली. बालीत 'पुपुतान' नावाची परंपरा आहे, अखेरच्या माणसापर्यंत लढून मरण्याची. १९०६ साली बादुंगचा राजा शुभ्र वस्त्रे नेसून, राणी-मुले आणि सेवकांसह राजवाड्यातून बाहेर पडला आणि डचांच्या बंदुकांना सामोरा गेला होता. राजस्थानच्या साक्याची आठवण ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. नगुराह राय आणि त्याचे सारे सहकारी, एकूण ९६ वीर, त्या दिवशी धारातीर्थी पडले. आज बालीच्या विमानतळावर उतरणारा प्रत्येक भारतीय पर्यटक त्याच वीराच्या नावाच्या विमानतळावर उतरतो. किती जणांना ते नाव कोणाचे आहे हे ठाऊक असते?

भारताचा हात

२१ जुलै १९४७ रोजी डचांनी करार पायदळी तुडवून मोठे आक्रमण केले आणि त्याला नाव दिले 'पोलीस कारवाई'. लक्षावधी लोकांच्या देशावर रणगाडे घालायचे आणि जगाला सांगायचे, हा आमचा घरगुती कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे! वसाहतवाद्यांची शब्दकळा मोठी सोयीची असते.

येथे भारताने जे केले त्याचा अभिमान बाळगावा असे आहे. पंडित नेहरूंच्या अनेक धोरणांवर या व्यासपीठावरून कठोर टीका झाली आहे आणि ती होत राहील. परंतु इंडोनेशियाच्या बाबतीत त्यांनी दाखवलेली तत्परता नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ३० जुलै १९४७ रोजी, म्हणजे आपले स्वतःचे स्वातंत्र्य अजून पंधरा दिवस दूर असताना, भारताने ऑस्ट्रेलियाच्या बरोबरीने हा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला. १ ऑगस्टला परिषदेने युद्धबंदीचा ठराव केला.

त्याच दिवसांत ओडिशाचे बिजू पटनाईक, स्वतः निष्णात वैमानिक, पत्नी ज्ञान यांना बरोबर घेऊन डाकोटा विमानाने जावात गेले. डचांचा हवाई पहारा चुकवून त्यांनी सुतान शाहरिर यांना बाहेर काढले आणि सिंगापूरमार्गे दिल्लीला आणले. १४ ऑगस्ट १९४७ रोजी शाहरिर सुरक्षा परिषदेसमोर उभे राहून आपल्या प्रजासत्ताकाची बाजू मांडत होते. पुढे इंडोनेशियाने बिजूबाबूंना 'भूमिपुत्र' हा सन्मान दिला. त्यांच्याच ताफ्यातले भारतीय नोंदणीचे एक डाकोटा विमान औषधे घेऊन योग्यकार्ताला उतरत असताना २९ जुलै १९४७ रोजी डच लढाऊ विमानांनी पाडले. इंडोनेशियन हवाई दलाचे संस्थापक आदिसुचिप्तो त्यात मृत्यू पावले. त्या विमानात एक भारतीय तंत्रज्ञही होता. दोन वर्षांपूर्वी आपले रक्त तेथे साम्राज्यासाठी सांडले होते. आता ते स्वातंत्र्यासाठी सांडले. दोन वर्षांतला हा फरक म्हणजेच स्वराज्य.

घरातले घाव

तरुण राष्ट्राला बाहेरचा शत्रू पुरेसा असतोच असे नाही. जानेवारी १९४८ च्या रेनव्हिल कराराने प्रजासत्ताकाचा प्रदेश आणखी आक्रसला. निर्वासितांचे लोंढे, अन्नाची टंचाई, डचांची सागरी नाकेबंदी. नेमकी ही वेळ साधून १८ सप्टेंबर १९४८ रोजी मदियून शहरात कम्युनिस्टांनी उठाव केला. त्यांचा नेता मुसो अनेक वर्षे मॉस्कोत राहून महिन्याभरापूर्वीच परतला होता. डच सीमेवर दात विचकत उभे असताना, घरात बंड! प्रजासत्ताकाच्या सैन्याने काही आठवड्यांत ते मोडून काढले. बेचाळीसच्या आंदोलनात आपल्याकडील कम्युनिस्टांनी कोणती भूमिका घेतली होती, हे ज्यांना आठवते त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. दुसरीकडे पश्चिम जावात कार्तोसुविर्यो याने धर्मराज्याचा हट्ट धरून ऑगस्ट १९४९ मध्ये वेगळे इस्लामी राज्यच घोषित केले. प्रजासत्ताकाने त्यालाही मान्यता दिली नाही. राष्ट्राहून पक्ष मोठा मानणारे आणि राष्ट्राहून पंथ मोठा मानणारे, दोघांशीही त्याला एकाच वेळी झुंजावे लागले.

पालखीतला सेनापती

आणि आता या युद्धाचा कळस. १९४६ पासून प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकार्ता होती. या नावात आपली अयोध्या आहे. तेथील सुलतान हमेंगकुबुवोनो नववे यांनी आपली नगरी आणि आपले वजन प्रजासत्ताकाच्या मागे उभे केले होते. १९ डिसेंबर १९४८ च्या पहाटे डच छत्रीधारी सैनिक विमानतळावर उतरले. दिवस मावळण्यापूर्वी राजधानी पडली. सुकार्णो, हट्टा, शाहरिर, सारे कैद झाले आणि त्यांना दूरच्या बेटांवर नेण्यात आले. डचांनी मानले, प्रजासत्ताक संपले.

पण एक माणूस कैद झाला नव्हता. जनरल सुदिरमान. मूळचा शाळामास्तर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी सहकाऱ्यांनी सरसेनापती म्हणून निवडलेला. क्षयाने त्याचे एक फुप्फुस निकामी झाले होते. महिन्याभरापूर्वीच शस्त्रक्रिया झाली होती. सुकार्णोंनी त्याला शहरात राहून उपचार घेण्यास सुचवले. त्याने नकार दिला, आपल्या माणसांना गनिमी युद्धाचा आदेश दिला आणि शहर सोडले. पुढचे सात महिने हा सेनापती जावाच्या डोंगरदऱ्यांतून एका साध्या पालखीतून फिरला. पालखी सैनिक वाहत, वाटेतले गावकरी वाहत. शत्रू मागावर, अंगात ताप, खोकल्यातून रक्त. पण आज्ञापत्रे निघत राहिली. गावाने त्याला लपवले, भात दिला, वाट दाखवली. डचांकडे शहरे होती आणि हमरस्ते होते. रात्र आणि रान प्रजासत्ताकाचे होते.

इकडे सुमात्रात सजाफ्रुद्दीन प्रवीरनगारा यांनी २२ डिसेंबरला आणीबाणीचे सरकार स्थापन केले. मंत्रिमंडळ जंगलात, राजधानी बिनतारी यंत्राभोवती. तेही साधले नाही तर दिल्लीत असलेल्या ए. ए. मारामिस या ख्रिस्ती मंत्र्याने निर्वासित सरकार स्थापावे, अशी योजना होती. १ मार्च १९४९ रोजी गनिमांनी भर दिवसा योग्यकार्तावर चाल करून सहा तास शहर हाती ठेवले. ती बातमी रानातल्या बिनतारी यंत्रांनी सुमात्रा, रंगून, दिल्ली असे टप्पे घेत जगापुढे नेली. मेलेले प्रजासत्ताक सहा तास आपल्याच राजधानीत उभे होते!

मराठी माणसाला येथे काय आठवावे? १६८९. छत्रपती संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज दूर जिंजीला गेले. औरंगजेबाला वाटले, संपले मराठ्यांचे राज्य. त्यानंतर अठरा वर्षे तो याच मातीत झुंजत राहिला आणि १७०७ मध्ये येथेच त्याचा देह पडला. सिंहासन नसताना राज्य कोणी चालवले? संताजी-धनाजींनी, रामचंद्रपंतांनी, महाराणी ताराबाईंनी, आणि घोड्याला दाणा देणाऱ्या नावागावाच्या कुणब्याने. राजा पकडता येतो, राजधानी जिंकता येते. ज्या समाजाने राज्य आपले मानले आहे, त्या समाजाला पकडायला तुरुंग सापडत नाही.

स्वातंत्र्याची किंमत

जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत इंडोनेशियाच्या प्रश्नावर आशियाई राष्ट्रांची परिषद भरली. भारताने डच विमानांना आपले आकाश बंद केले. सुरक्षा परिषदेने कैद्यांच्या सुटकेचा ठराव केला. युरोपच्या पुनर्रचनेसाठी डचांना मिळणारा अमेरिकी पैसा थांबण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा हेगची भाषा बदलली. जुलै १९४९ मध्ये नेते योग्यकार्ताला परतले. पालखीतला सेनापतीही परतला, हाडांचा सापळा होऊन. २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सार्वभौमत्व हस्तांतरित केले. सुदिरमान यांनी त्यानंतर एक महिनाभर स्वातंत्र्य पाहिले. २९ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले.

विजयाचा हिशेबही ऐका. वसाहती सरकारचे चारशे कोटी गिल्डरांहून अधिक कर्ज नव्या राष्ट्राच्या माथी मारले गेले. म्हणजे आपल्याच दडपणुकीसाठी झालेल्या खर्चाचाही भार! पश्चिम न्यू गिनी डचांनी ठेवून घेतले. ते १९६३ साली इंडोनेशियाकडे आले. सुमारे एक लाख इंडोनेशियन या युद्धात मेले असे मानले जाते. १९४७ च्या डिसेंबरात पश्चिम जावातील रावागेडे गावात पुरुषांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या गेल्या; तेथील विधवांना डच न्यायालयात न्याय मिळाला तो २०११ साली. २०२० मध्ये डच राजाने जावात येऊन त्या हिंसाचाराबद्दल माफी मागितली. २०२२ मध्ये डच संस्थांच्याच संशोधनाने तो हिंसाचार व्यापक आणि पद्धतशीर होता असा निष्कर्ष काढला. आणि १७ ऑगस्ट १९४५ हाच इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन, हे डच पंतप्रधानांनी कोणतीही अट न ठेवता मान्य केले २०२३ साली. अंगणातल्या त्या दोन वाक्यांना अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली!

म्हणून मला वाटते, स्वातंत्र्य कोणी देत नाही आणि कोणाच्या मान्यतेसाठी ते थांबतही नाही. ज्या दिवशी समाज मनाने स्वतंत्र होतो त्या दिवशी ते जन्मते. बाकीचे जग आपल्या सोयीने नंतर सही करते.

२६ जानेवारी १९५० रोजी आपल्या पहिल्या प्रजासत्ताकदिनी प्रमुख पाहुणे होते राष्ट्राध्यक्ष सुकार्णो. पंचाहत्तर वर्षांनी, २०२५ च्या प्रजासत्ताकदिनी राष्ट्राध्यक्ष प्रबोवो पाहुणे होते आणि इंडोनेशियन सैनिकांची तुकडी कर्तव्यपथावर संचलन करीत गेली. दूरदर्शनवर ते दृश्य पाहताना मला तात्यांची आठवण आली. ते आज असते तर त्यांना म्हटले असते, "तात्या, तुमची चूक नव्हती. तुमच्या हातातली बंदूक तुमची नव्हती. आज आपल्या जवानाच्या हातात आहे ती आपली आहे. कोणावर रोखायची ते आता आपण ठरवतो."

येत्या १० नोव्हेंबरला प्रतापगडाचे स्मरण कराल तेव्हा क्षणभर सुराबायाचेही करा. तेथे पडलेल्या पोरांचे करा, आणि त्यांच्यासमोर उभे राहून पडलेल्या आपल्या मराठा जवानांचेही. जकार्तातील युद्धस्मशानभूमीत भारतीय जवानांच्याही कबरी आहेत. एक स्वतःच्या राष्ट्रासाठी मेला, दुसरा दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी. शौर्य दोघांचे सारखेच होते. फरक एकच होता. एकाच्या पाठीशी त्याचे स्वतःचे राष्ट्र होते.

ते राष्ट्र आज आपल्या पाठीशी आहे. राजधानी, संसद, सीमा सांभाळायला सरकार आहे, सैन्य आहे. पण पालखी वाहणारा गावकरी कोणत्याही सरकारी आदेशाने तयार होत नाही. तो घराघरांत, शाळेत, मैदानावर, रोजच्या संस्कारांतून घडवावा लागतो. ते काम आपले आहे आणि ते शांततेच्या काळातच करायचे असते.

भारत माता की जय.